९४४ मिलिमीटर छापून यायला लागलेले दिवस

९४४ मिलिमीटर. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझ वेधशाळेत मोजला गेलेला पाऊस. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. दुपारी अडीच ते साडेतीन या एकाच तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटर कोसळला, आणि शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. त्या रात्री घाटकोपरहून मुलुंडकडे रुळांवरून चालत निघालेल्यांना ही आकडेमोड कुणी शिकवायला नको.

आज जरा वेगळी मोजदाद करू. हा पाऊस शोधनिबंधांत उतरायला किती दिवस लागले?

बेंगळुरूहून निघणाऱ्या 'करंट सायन्स'च्या १० मे २००६ च्या अंकात त्या दिवशीच्या संगणकीय अंदाजांची झाडाझडती घेणारा निबंध आला. २८८ दिवस. पंधरा दिवसांनी, २५ मेच्या अंकात, जेनामणी, भान आणि कलसी यांनी ढग, वारे आणि तासातासाचा पाऊस मांडला. ३०३ दिवस. पुराच्या कारणांचा शोध घ्यायला नेमलेल्या माधवराव चितळे समितीचा अहवाल मार्च २००६ मध्येच सरकारच्या हातात पडला होता, म्हणजे साधारण आठ महिन्यांत. पण समितीला अनोळखी परीक्षकांची चाळणी पार करायची नसते.

ही चाळणी किती वेळ खाते? ब्यर्क आणि सॉलोमन या दोघांनी २०१३ मध्ये १३५ नियतकालिकांतले सुमारे २,७०० निबंध तपासले. निबंध पाठवल्यापासून छापून येईपर्यंत रसायनशास्त्रात सरासरी ९ महिने, अर्थशास्त्र-व्यवस्थापनात १८. बहुतेक निबंधांच्या पहिल्या पानावर मुंगीच्या अक्षरांत तारखा असतात: मिळाला, सुधारून मिळाला, स्वीकारला. मी हल्ली निबंधाच्या सारांशाआधी त्या वाचतो. 'मिळाला' आणि 'सुधारून मिळाला' यांत सात-आठ महिने दिसले की समजावं, कुणीतरी 'मेजर रिव्हिजन' लिहून परत पाठवलंय. परीक्षकाला यासाठी छदामही मिळत नाही, तोही आपलं शिकवणं सांभाळून वाचतो. शिवाय त्या तारखा फक्त शेवटच्या मुक्कामाच्या. समजा, पवईच्या आयआयटीतल्या एखाद्या विद्यार्थिनीचा निबंध आधी दोन ठिकाणांहून चार-चार महिन्यांनी साभार परत आला असेल, तर ते आठ महिने त्या पानावर कुठेच नोंदलेले नसतात. एका पावसाळ्याचं विश्लेषण छापून येईपर्यंत दुसरा पावसाळा येऊन गेलेला असतो, तो असा.

घाई केली तर जमतं का? जमतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या सोहळ्यात उन्हाने चौदा जणांचा बळी घेतला. 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने १७ मे रोजी, म्हणजे ३१ दिवसांत, सांगितलं की भारत-बांगलादेशातली त्या एप्रिलसारखी दमट उष्णता हवामानबदलामुळे किमान ३० पटींनी अधिक संभाव्य झाली आहे. त्यांची युक्ती सोपी आहे: मोजण्याची पद्धत आधीच तज्ज्ञांकडून तपासून छापलेली, फक्त घटना नवी. प्रत्येक उत्तर मात्र छापण्याआधी बाहेरच्यांनी तपासलेलं असतंच असं नाही. मला हा सौदा पटतो. काहींना पटत नाही.

आता जरा अवघड आकडा. भारतातल्या मुसळधार पावसावरचा सर्वांत गाजलेला निबंध भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा, 'सायन्स'मध्ये १ डिसेंबर २००६ रोजी आला. २६ जुलैनंतर ४९३ दिवसांनी. त्या सुमाराला सगळ्यांनी तो मुंबईच्या पुराशी जोडून वाचला, आणि वाचणं स्वाभाविकही होतं. पण त्यातली आकडेवारी १९५१ ते २००० ची. ९४४ मिलिमीटर त्यात नाहीच. दुसरं, अभ्यासाची चौकट मध्य भारताची, पूर्व रेखांश ७४.५ पासून पुढे. अंधेरी ७२.८ वर. म्हणजे आपलं उपनगर नकाशाच्याही बाहेर. यात निबंधाचा दोष नाही. सह्याद्रीच्या कडेचा पाऊस सरासरीत मिसळला तर हिशेब बिघडतो. पण आमच्या भागाचा म्हणून स्वतंत्र हिशेब कधी झाला?

त्याचं एक उत्तर 'क्लायमॅटिक चेंज'च्या जानेवारी २०११ च्या अंकात आहे. रेंजर आणि सहकाऱ्यांनी खास मुंबईच्या पुराची जोखीम मोजली: २००५ सारख्या घटनेची शक्यता या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत दुपटीहून जास्त वाढू शकते. पुरानंतर जवळपास साडेपाच वर्षं. ही सगळी काही नियतकालिकाच्या टेबलावर जात नाहीत, माहिती जमवणं, मॉडेल चालवणं, पैसे मिळवणं यांतही जातात. उशिराचं खापर संपादकाच्या डोक्यावर फोडणं सोपं असतं, म्हणून हे सांगितलं.

संपादकाचे महिने टोचतात ते मुदत असेल तेव्हा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, पहिल्या कार्यगटाने ९ ऑगस्ट २०२१ ला प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी निबंध ३१ जानेवारी २०२१ पर्यंत स्वीकारलेला हवा होता. १ फेब्रुवारीला होकार आला, तर गाडी चुकली. आणि ही गाडी काही वर्षांनी एकदाच येते. बोरिवलीला विरार फास्ट चुकली तर निदान दुसरी येते.

आता हे सगळे महिने बाजूला ठेवून एक जुना कागद घेऊ. १९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' नावाने आला. त्याने सांगितलं, वाहिन्यांची क्षमता ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर करा आणि भरतीच्या वेळी पाणी उपसायला पंपिंग स्टेशनं उभारा. त्यासाठी ना कुठला परीक्षक आडवा आला होता, ना कुठलं नियतकालिक. अहवाल खर्चाच्या कारणाने फडताळात गेला आणि २००५ नंतरच बाहेर निघाला, बारा वर्षांनी. आठ पंपिंग स्टेशनांपैकी माहुल आणि अंधेरीजवळचं मोगरा ही दोन २०२४ च्या पावसाळ्यातही पूर्ण झालेली नव्हती. मोगऱ्याचा हिशेब १९९३ पासून केला तर एकतीस वर्षं होतात. जोराची सर आली की अंधेरी सबवेच्या तोंडाशी आजही बॅरिकेड लागतं आणि रिक्षावाले गोखले पुलाकडे वळतात.