बालाघाटच्या डोंगरांना कोणती लेन्स?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते. त्यांतल्या कितीतरी गाड्यांमधून ४०० नाहीतर ६०० मिलिमीटरच्या लेन्स डोकावत असतात, कारण कान्हाला येणाऱ्याला वाघ हवा असतो. वाघ दिसला नाही की ‘आज काहीच मिळालं नाही’ म्हणत मंडळी परततात. खरं तर डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी मैदानातल्या गवतावर दव गोठलेलं असतं आणि धुक्यातून सालवृक्षांची रांग हळूहळू वर येत असते. निसर्गदृश्यं टिपणाऱ्याला आणखी काय हवं? पण त्यासाठी बॅगेत काय न्यायचं, हे आधी ठरवायला हवं.

‘लँडस्केप म्हणजे वाइड लेन्स’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. सह्याद्रीत तो बरोबरही आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की अर्धगोलाकार कडा साध्या लेन्समध्ये मावत नाही. तिथे १६ मिलिमीटरला पर्याय नाही. बालाघाटची ठेवण मात्र वेगळी. मैकलचे डोंगर उंच सुळक्यांचे नाहीत, लांबच लांब पसरलेले आहेत आणि खाली वैनगंगेच्या खोऱ्यात सपाट धानपट्टा आहे. वाइड लेन्स दूरच्या वस्तू आणखी लहान करते. मग चित्रात खाली भरपूर गवत, वर भरपूर आभाळ आणि मधे डोंगराची बारीक रेघ, एवढंच उरतं.

इथे उपयोगी पडते ती ७० ते २०० मिलिमीटरची मध्यम टेलिफोटो. लांबून नेमका मधला तुकडा उचलला की पुढची झाडं, मधलं धुकं आणि मागची टेकडी एकमेकांना खेटून उभी राहतात, थरावर थर दिसतात. त्यात बारशिंग्यांचा कळप आला तर चित्राला मापही मिळतं. कान्हातले हे कठीण जमिनीवर राहणारे बारशिंगे १९७० मध्ये अवघे ६६ उरले होते. आज मैदानात त्यांचे कळप दिसतात. त्यांचा क्लोजअप सगळेच काढतात. कळप बोटभर ठेवून मागे सालाचं जंगल घेणारे थोडे.

अशी लेन्स महागच असते असं नाही. कॅननच्या छोट्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्यांसाठीची ५५-२५० एसटीएम फक्त ३७५ ग्रॅमची आहे आणि जुन्या बाजारात सहज मिळते. जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं पाहावं. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर ती बुरशी. भाव कितीही पाडून दिला तरी परत करावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सची हीच गत होते.

कॅमेऱ्याच्या बॉडीवर पैसे ओतण्याची घाई नको. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० बिंदू. इंचाला ३०० बिंदूंच्या उत्तम छपाईतही त्याचा २० बाय १३ इंचांचा फोटो निघतो. घराच्या भिंतीवर याहून मोठा किती जण लावतात? तीच गोष्ट एफ/२.८ च्या हौसेची. निकॉनची १४-२४ एफ/२.८ ही ६५० ग्रॅमची, तर १४-३० एफ/४ ही ४८५ ग्रॅमची. दुसरीला ८२ मिलिमीटरचा नेहमीचा फिल्टर बसतो, पहिलीला खास हूड लावून ११२ मिलिमीटरचा. निसर्गदृश्य एरवी एफ/८ ते एफ/११ वरच टिपायचं असतं. त्यामुळे रात्रीचे तारे टिपायचे नसतील तर २.८ साठी मोजलेला पैसा वाया जातो.

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ही किट लेन्स उगाच बदनाम आहे. छोट्या सेन्सरवर १८ मिलिमीटर, एफ/८, आणि फोकस दोन मीटरवर, एवढं केलं की सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. धुक्यात मात्र कॅमेऱ्याचं मीटर फसतं. पांढरं दिसलं की ते उजेड कमी करतं आणि धुकं मळकट राखाडी होतं. तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावं आणि रॉ फाइल ठेवावी.

ट्रायपॉडवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये. गांगुलपाऱ्याच्या धबधब्यावर पाणी रेशमी दिसायला हवं असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो. तो उजेड ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/६० सेकंदाचं एक्स्पोजर जवळजवळ एक सेकंदाचं होतं. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. जंगलात मात्र गाडीतून उतरता येत नाही आणि जिप्सीत तिकाटणं उभं करायला जागा नसते. तिथे तांदूळ भरलेली कापडी पिशवी गजावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. पिशवीत साधा तांदूळ पुरे. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तो ताटातच शोभतो.

पोलरायझर घ्यावाच, पण डोळे मिटून फिरवू नये. ओल्या पानांवरची चकाकी काढायला तो नामी आहे. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात ढगांचं प्रतिबिंब हवं असेल तर तोच फिल्टर ते पुसून टाकतो. वाइड लेन्सवर तो आभाळात एकीकडे गडद डागही पाडतो.

थोडक्यात खरेदीचा क्रम असा: हातात असलेली बॉडी आणि किट लेन्स, मग ट्रायपॉड, मग मध्यम टेलिफोटो, मग पोलरायझर. अल्ट्रावाइड सगळ्यात शेवटी, तीही सह्याद्रीत जाणं होत असेल तर.

कान्हाची सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. नेमके त्याच दिवसांत वारासिवनी, लालबर्राकडे रोवणी चालते आणि बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. त्या टिपायला तिकीट लागत नाही. धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी शेतमालकाला विचारा, रोवणी करणाऱ्या बायांचे फोटो त्यांच्या संमतीनेच काढा आणि ट्रायपॉडचे पाय घरी आल्याबरोबर धुऊन वाळवा. चिखल सुकला की त्यांचे स्क्रू अडकतात.