दिसणारं रक्त, न दिसणारी गुठळी

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'एएफ', असं निदान झालं आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली की घरात पहिला प्रश्न येतो तो रक्तस्रावाचा. पडले तर? लागलं तर? रक्त थांबेल ना? हा प्रश्न अगदी योग्य आहे. पण त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न फार कमी घरांत विचारला जातो: गोळी घेतली नाही तर काय होईल? दात घासताना हिरडीतून आलेलं रक्त डोळ्यांना दिसतं. हृदयाच्या कोपऱ्यात धरलेली गुठळी दिसत नाही, आणि टळलेला पक्षाघात तर कुणालाच कधी दिसत नाही. म्हणून हे दोन्ही धोके शेजारी ठेवून आकड्यांनी मोजायला हवेत. मोजल्यावर बहुतेकांच्या बाबतीत पारडं गोळीकडे झुकतं. काहींच्या बाबतीत झुकत नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

'मला काहीच त्रास होत नाही'

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदं, नीट आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरतात. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी असते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तशी तिथे संथ झालेल्या रक्तात गुठळी धरते. ती सुटली की बरेचदा थेट मेंदूकडे जाते. धडधड जाणवते की नाही, याचा या गुठळीशी फारसा संबंध नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन अभ्यासातून 1991 साली हे समोर आलं की एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. शिवाय एएफमुळे होणारा पक्षाघात इतर पक्षाघातांपेक्षा अधिक जबर असतो, कारण गुठळी मोठी असते आणि मोठी रक्तवाहिनी बंद करते. ठोके अधूनमधून बिघडणाऱ्यांनाही हा धोका असतो.

'ही उंदराच्या विषाची गोळी आहे'

ऐकीव असली तरी ही माहिती अर्धी खरी आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. 1933 साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या कामातून वॉरफरिन तयार झालं. 1948 साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं, 1954 साली माणसांसाठी मान्य झालं आणि 1955 साली हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांना, आयझेनहॉवर यांना, देण्यात आलं. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा आहे. आपल्याकडे ज्याच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात ते अॅसिनोकुमॅरॉल याच कुळातलं.

या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं होत नाही. यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे जे घटक बनवतं, त्यांची निर्मिती वॉरफरिन मंद करतं. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, अॅपिक्सॅबान या नव्या गोळ्या त्या साखळीतला एकेक घटक थेट अडवतात. जखम भरते, रक्त थांबतं, फक्त वेळ जास्त लागतो.

'अॅस्पिरिन चालू आहे, तेवढं पुरे'

माझ्या मते या विषयातला सर्वांत घातक गैरसमज हाच आहे, कारण तो घेणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान देतो. वर्षानुवर्षं रोज अॅस्पिरिनची छोटी गोळी घेणारी, आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असं मानणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

अॅस्पिरिन रक्तातल्या बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, चिकटू देत नाही. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला असेल तर ते उपयोगी आहे, कारण तिथल्या गुठळीत बिंबाणूंचा वाटा मोठा असतो. अलिंदात साचलेल्या रक्ताची गुठळी वेगळ्या मार्गाने, गोठण्याच्या घटकांतून बनते. जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वॉरफरिनने एएफमधले पक्षाघात जवळपास दोन तृतीयांशाने कमी केले होते, अॅस्पिरिनने जेमतेम एक पंचमांशाने.

खरा धक्का 2011 सालच्या 'अव्हेरोज' चाचणीने दिला. ज्यांना वॉरफरिन देणं शक्य नाही किंवा योग्य नाही असं ठरलं होतं, अशा 5,599 रुग्णांपैकी निम्म्यांना अॅपिक्सॅबान आणि निम्म्यांना अॅस्पिरिन दिलं गेलं. दर हजार माणसांमागे वर्षाला किती जणांना पक्षाघात झाला किंवा शरीरात दुसरीकडे गुठळी अडकली, हे मोजलं. अॅस्पिरिनवर 37 जणांना, अॅपिक्सॅबानवर 16 जणांना. आणि ज्याच्या भीतीने अॅस्पिरिन पसंत केलं जातं तो मोठा रक्तस्राव? अॅस्पिरिनवर 12, अॅपिक्सॅबानवर 14. म्हणजे हजारात 21 जणांचा असा घाला टळला आणि मोठे रक्तस्राव दोनच वाढले. चाचणी ठरल्याआधीच थांबवण्यात आली, इतका फरक स्पष्ट होता. अॅस्पिरिन 'सौम्य' वाटतं, पण पोटातून रक्त जायला तेही कारण ठरतं, आणि त्या बदल्यात एएफमध्ये संरक्षण फारच तोकडं मिळतं.

'या वयात नको, पडतील'

ही भीती मायेतून येते, म्हणून तिला उत्तरही नीट द्यायला हवं.

वयाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो हे खरं आहे. पण पक्षाघाताचा धोका त्याहून वेगाने वाढतो, त्यामुळे गोळीचा फायदा सर्वांत जास्त होतो तो वृद्धांनाच. इंग्लंडमधल्या 'बाफ्टा' चाचणीत 75 आणि त्याहून जास्त वयाचे 973 रुग्ण होते. वॉरफरिन घेणाऱ्यांत वर्षाला 1.8 टक्के लोकांना मोठा पक्षाघात किंवा तत्सम घटना झाली, अॅस्पिरिन घेणाऱ्यांत 3.8 टक्के. मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता.

पडण्याबद्दल 1999 साली कॅनडातल्या संशोधकांनी गणित मांडलं. पडल्यामुळे डोक्यात रक्त साचण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा मोठा ठरायचा असेल, तर माणसाने वर्षात सुमारे 295 वेळा पडायला हवं. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्येक माणसाला ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पण त्यातून प्रमाण कळतं. त्यानंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी तर मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आणला.

आणि जी माणसं खरोखर नाजूक आहेत? जपानमध्ये 2020 साली 80 वर्षांपुढच्या, नेहमीच्या मात्रेत गोळी देणं धोक्याचं ठरेल अशा 984 जणांवर चाचणी झाली. एडॉक्सॅबान या आणखी एका नव्या गोळीची फक्त 15 मिलिग्रॅमची मात्रा दिली. हजारामागे वर्षाला होणारे पक्षाघात 67वरून 23वर आले. मोठे रक्तस्राव 18वरून 33वर गेले, ते मुख्यतः पोट-आतड्यांतले. हा सौदा प्रत्येक कुटुंबाला पटेलच असं नाही, पण निर्णय घेताना दोन्ही आकडे समोर असायला हवेत. आतड्यातला रक्तस्राव गंभीर असला तरी बहुतेक वेळा रक्त देऊन, एन्डोस्कोपी करून आवरता येतो. पक्षाघाताने गेलेली वाचा किंवा उजवा हात मात्र अनेकदा परत येत नाही. धोके मोजताना हे वजनही धरायला हवं, आणि ते कसं धरायचं हे आजी-आजोबांनाच विचारायला हवं. त्यांच्यासमोर बसून मुलांनी आणि डॉक्टरांनी परस्पर ठरवू नये.

पडण्याची भीती असेल तर न्हाणीघरात दांडी बसवा, रात्रीचा दिवा ठेवा, चष्मा आणि झोपेच्या गोळ्या तपासून घ्या.

'एएफ आहे म्हणजे गोळी हवीच'

नाही. पक्षाघाताच्या धोक्याला गुण दिले जातात: हृदय निकामी होत असेल तर 1, उच्च रक्तदाब 1, मधुमेह 1, रक्तवाहिन्यांचा आजार 1, वय 65 ते 74 असेल तर 1, 75 किंवा पुढे असेल तर 2, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर 2. स्त्री असण्याचा एक गुण पूर्वी धरत, युरोपच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला. 50 वर्षांच्या, बाकी धडधाकट माणसाची बेरीज शून्य येते. त्याला गोळीचा फायदा नगण्य, धोका मात्र खरा. दोन किंवा जास्त गुण असतील तर गोळी घ्यावी, एक असेल तर विचार करून ठरवावं.

दुसरा अपवाद पेसमेकरच्या नोंदीत सापडणाऱ्या, काही मिनिटांच्या किंवा तासांच्या एएफचा. 2023 सालच्या 'आर्टेझिया' चाचणीत अशा रुग्णांना अॅपिक्सॅबानने हजारामागे वर्षाला पक्षाघात सुमारे 12वरून 8वर आणले, मोठे रक्तस्राव 9वरून 17वर नेले. इथे पारडं जवळजवळ समतोल होतं. मनगटावरच्या घड्याळाने ठोके अनियमित असल्याचं सांगितलं, तर आधी ईसीजी काढून खात्री करावी. थेट औषधाच्या दुकानात जाऊ नये.

'नवी महाग गोळी सर्वांसाठी चांगली'

भारतात ही समजूत विशेष धोक्याची आहे. पाश्चात्त्य देशांत एएफ प्रामुख्याने वय आणि रक्तदाबामुळे होतं. आपल्याकडे आजही लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप आकसलेले कितीतरी रुग्ण आहेत, त्यांतले बरेच तरुण, त्यांत अनेक स्त्रिया. या रुग्णांना गुणांची बेरीज लागू होत नाही. माइट्रल झडप बऱ्यापैकी आकसलेली असेल आणि एएफ असेल, तर वय तिशीचं असलं तरी गोळी लागते, आणि ती जुनीच. 2022 सालच्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले साडेचार हजारांवर असे रुग्ण होते; तिच्या प्रमुख संशोधकांत दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते. रिव्हारॉक्सॅबान घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, वॉरफरिनच्या कुळातली गोळी घेणाऱ्यांत कमी. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी लागते. तिथे डॅबिगॅट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली होती.

जुन्या गोळीवर अनेक वर्षं स्थिर असलेल्या, थकलेल्या वृद्धालाही केवळ 'नवं आलंय' म्हणून बदलून देऊ नये. नेदरलँड्समध्ये 2023 साली हे करून पाहिलं तेव्हा बदल केलेल्यांत रक्तस्राव वाढले.

'अर्धीच घेतो, म्हणजे सुरक्षित'

अॅपिक्सॅबानची मात्रा निम्मी करण्याचा नियम ठरलेला आहे: वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनीन 1.5 किंवा जास्त, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. आपल्याकडे 60 किलोच्या आतली वृद्ध माणसं घरोघर आहेत, पण नुसतं वजन कमी असणं पुरेसं नाही. मनाने मात्रा कमी केली की संरक्षण कमी होतं आणि रक्तस्राव त्या प्रमाणात घटेलच याची खात्री नसते. बहुतेक नव्या गोळ्यांचा असर साधारण दिवसभराचा असल्यामुळे दोन-तीन वेळा विसरलेली गोळी म्हणजे तेवढा काळ उघडं दार.

डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नका, तसं केल्याने औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. तिला दमट हवा चालत नाही, म्हणून आठवड्याच्या डबीत भरून न ठेवता मूळ पाकिटातच ठेवावी. रिव्हारॉक्सॅबान भरल्या पोटी घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला किंवा नवरात्रात उपवास असेल तर फराळासोबत घ्या, आणि निर्जळी करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

'पालेभाजी बंद'

हे फक्त जुन्या गोळ्यांना लागू आहे, आणि तिथेही बंद करायची नसते. मेथी, पालक, माठ, शेपू रोजच्यासारखी खा. एकदम सोडू नका, एकदम वाढवूही नका. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर हा आकडा 2 ते 3च्या दरम्यान राहण्याला महत्त्व आहे. लसूण किंवा हळदीच्या गोळ्यांनी एएफमधला पक्षाघात टळल्याचा पुरावा नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत त्या घेतल्या तर रक्तस्राव मात्र वाढू शकतो. त्याहून मोठा धोका गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा.

'एकदा रक्त गेलं, आता गोळी कायमची बंद'

रक्तस्रावाचा धोका जास्त आहे याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की दुरुस्त करण्यासारखं काहीतरी आहे. रक्तदाब ताब्यात नाही, आयएनआर वरखाली होतो, वेदनाशामक चालू आहे, दारू जास्त होते, स्टेंटनंतरचं अॅस्पिरिन गरज संपूनही चालूच राहिलंय. हे आधी सुधारायचं. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, अचानक असह्य डोकेदुखी, डोक्यावर आपटणं यांसाठी लगेच रुग्णालय गाठायचं. वॉरफरिनसाठी 'के' जीवनसत्त्व आणि गोठण्याचे घटक, डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब हा उतारा आहे. पोटातला व्रण भरला, आतड्यातली गाठ काढली, की पुष्कळ रुग्णांना गोळी पुन्हा सुरू करता येते. खरोखरच देता येणार नसेल तर अलिंदाची ती पिशवी उपकरणाने बंद करण्याचा मार्ग काहींसाठी खुला असतो.

ठोके सुरळीत झाल्यावर गोळी थांबवण्याचंही असंच. 2002 सालच्या 'अफर्म' चाचणीत बहुतेक पक्षाघात वॉरफरिन थांबवलेल्यांना किंवा आयएनआर कमी असलेल्यांनाच झाले होते. निर्णय गुणांच्या बेरजेवर घ्यायचा, आजचा ईसीजी चांगला आला म्हणून नाही. मोतीबिंदू किंवा एकदोन दात काढण्यासाठी अनेकदा गोळी थांबवावीच लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी थांबवतात, पण तेव्हा किंवा रक्तस्रावानंतर घरी सोडताना, गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची हे कागदावर लिहून घ्या. 'पुढच्या भेटीत बघू' म्हणून थांबलेली गोळी बरेचदा महिनोन्‌महिने थांबूनच राहते.