रतनवाडीची नाचणी

रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडी नावाचे गाव आहे. ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येते. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. गावात अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. ते शिलाहार राजांच्या काळातले मानतात. शेजारी चिरेबंदी पुष्करणी आहे. लोक येतात, देऊळ बघतात, गड चढतात आणि परत जातात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केले.

दुसऱ्या खेपेला एका घरी जेवायला थांबलो. घरातली म्हातारी अडखळली. म्हणाली, "गुरुजी, काळी भाकर तुम्हाला कशी वाढू? भात टाकते." आम्ही भाकरीच मागून घेतली. सोबत हुलग्याचे पिठले आणि खुरासणीची चटणी. पोटभर जेवलो!

आता ही नाचणी इथे का पिकते, ते पाहू. इथे पाऊस फार; पण जमीन उतरती, पाणी ठरत नाही. खाचरात भात होतो. उतारावर नाचणी आणि वरईच तग धरतात. पावसाआधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. याला राब म्हणतात. त्याने तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. मग तिथे रोप तयार करतात आणि पाऊस बसला की उपटून उतारावर लावतात. कष्टाचे काम आहे, बरं का.

नाचणीला कीड सहसा लागत नाही. कणगीत ती वर्षानुवर्षे टिकते. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. हाडांना तेच लागते. तेवढ्याच तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. मग सांगा, लाजायचे कोणी?

पण रेशनचे धान्य आले, दुकानचे बियाणे आले, आणि पुष्कळ घरांतले जुने बी गेले. घरचे बी एकदा खाऊन संपले, की ते दुकानात मिळत नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हे ओळखले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी जुन्या वाणांचे बी जमवले, जपले आणि शेतकऱ्यांना दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

निघताना आम्ही म्हातारीला विचारले, "आजी, बी कसे ठेवता?" तिने आढ्याकडे बोट दाखवले. तिथे नाचणीच्या भरदार कणसांची जुडी टांगली होती. उभ्या पिकातूनच ती निवडून घेतात. वाळली की मळून, राख मिसळून मडक्यात भरतात आणि तोंड शेणाने लिंपतात.

"पोरं उपाशी राहिली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.