एका ई-मेलने काय होतं? नेट न्यूट्रॅलिटीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल २०१५मध्ये दहा लाखांहून अधिक ई-मेल दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे, गेले. लोकांचं म्हणणं साधं होतं: इंटरनेटवर कुठली साइट स्वस्त आणि कुठली महाग, हे टेलिकॉम कंपन्यांना ठरवू देऊ नका. दहा महिन्यांत त्या मागणीचा नियम झाला. सरकारदरबारी केलेल्या मागणीला इतकं स्पष्ट यश क्वचितच मिळतं. मात्र ते यश कशामुळे मिळालं, याबद्दल आजही बरेच गैरसमज आहेत. ते दूर व्हायला हवेत, कारण हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो आहे.

गैरसमज १ : नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे सगळ्यांना फुकट किंवा सारख्याच वेगाचं इंटरनेट.

वस्तुस्थिती : दोन्ही नाही. जास्त पैसे घेऊन जास्त डेटा किंवा जास्त वेगाचा प्लॅन विकायला कंपनी मोकळी आहे. विकत घेतलेला डेटा ग्राहकाने कशासाठी वापरायचा, यात मात्र तिने नाक खुपसायचं नाही. एक जीबी डेटा व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर संपवा, नाहीतर एखादा डिजिटल दिवाळी अंक वाचण्यात. दर तोच राहिला पाहिजे. एखादी साइट मुद्दाम अडवणं किंवा तिचा वेग पाडणंही यात बसत नाही.

कंपन्या असा भेदभाव करतील, ही भीती हवेतली नव्हती. डिसेंबर २०१४मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी जादा दर जाहीर केले आणि ग्राहकांचा रोष पाहून ते मागे घेतले. एप्रिल २०१५मध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं. त्यात डेटाचा खर्च अ‍ॅपवाल्या कंपनीने भरायचा आणि ग्राहकाला ते अ‍ॅप डेटा खर्च न होता वापरता यायचं. टीकेचा भडिमार झाल्यावर फ्लिपकार्टने या योजनेतून अंग काढून घेतलं. ज्याची असा खर्च उचलण्याची ऐपत नाही, त्या नव्या उद्योगाचं अ‍ॅप कितीही चांगलं असलं तरी अशा बाजारात त्याचा निभाव लागणं कठीण.

गैरसमज २ : नागरिकांचा अर्ज म्हणजे नुसती विनवणी. सरकारने ऐकलं तर ऐकलं.

वस्तुस्थिती : ट्रायच्या बाबतीत यामागे कायदा आहे. १९९७च्या ट्राय कायद्याचं कलम ११(४) प्राधिकरणावर पारदर्शक कारभाराचं बंधन घालतं. त्यामुळे ट्राय आधी चर्चापत्र काढतं, त्यावर प्रतिसाद मागवतं, मग इतरांच्या प्रतिसादांवर प्रतिवाद मागवतं आणि बहुतेक वेळा खुली चर्चा घेतं. गावचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात, तसाच हा प्रकार.

या बंधनाला किती वजन आहे, हे २०१६मध्ये दिसलं. कॉल ड्रॉप झाला की ग्राहकाला एक रुपया भरपाई द्यावी, असा ट्रायचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकालात पारदर्शकतेचाही मुद्दा होता: आलेल्या आक्षेपांना नियामकाने कारणांसह उत्तर दिलं पाहिजे. हा नियम ग्राहकांच्या बाजूचा होता, तरीही ही कसोटी त्याला चुकली नाही.

गैरसमज ३ : ते दहा लाख ई-मेल म्हणजे कॉपी-पेस्टचा नुसता गोंगाट होता.

वस्तुस्थिती : २७ मार्च २०१५ला निघालेलं चर्चापत्र ११८ पानांचं होतं. त्यात २० प्रश्न होते, भाषा इंग्रजी आणि तीही तांत्रिक. उत्तरांची मुदत २४ एप्रिलपर्यंत. नोकरी-धंदा सांभाळून हे सगळं वाचणार कोण? काही वकील, पत्रकार, प्रोग्रॅमर आणि कार्यकर्ते स्वयंसेवक म्हणून एकत्र आले. त्यांनी चर्चापत्राचा सारांश काढला, प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं तयार केली आणि ‘सेव्ह द इंटरनेट’ या साइटवर ठेवली. तिथून मसुदा उचलायचा, हवा तर बदलायचा आणि आपल्या नावाने पाठवायचा. ‘एआयबी’ या विनोदी कलाकारांच्या गटाने व्हिडिओ करून हा विषय घराघरांत नेला. मजकूर सारखा असला तरी त्यात ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. सगळा फरक तिथेच पडला.

यातून एक धडाही मिळाला. प्रतिसाद प्रसिद्ध करताना ट्रायने लोकांचे ई-मेल पत्तेही साइटवर टाकले आणि त्यावर मोठी टीका झाली. सरकारकडे पाठवलेला प्रतिसाद सार्वजनिक होऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच तो लिहावा.

गैरसमज ४ : ज्याचे ई-मेल जास्त, तो जिंकतो.

वस्तुस्थिती : तसं असतं तर फेसबुक जिंकलं असतं. डिसेंबर २०१५मध्ये ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांबाबत दुसरं चर्चापत्र काढलं. त्यात चारच प्रश्न होते. मोजक्या साइट्स फुकट देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी फेसबुकने जाहिरातींचा धडाका लावला आणि वापरकर्त्यांना एका क्लिकमध्ये पाठिंबा पाठवण्याची सोय करून दिली. ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिसाद आले आणि त्यांत या ठरावीक साच्यातल्या पाठिंब्याचाच भरणा होता. ट्रायने मात्र ठणकावलं, की हा जनमताचा कौल नाही. आम्ही चार प्रश्न विचारले आहेत, त्यांची उत्तरं द्या.

८ फेब्रुवारी २०१६ला नियम आला: कुठली साइट किंवा अ‍ॅप वापरता, यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातून ‘फ्री बेसिक्स’ काढून घेतलं.

नुसत्या आकड्यांवर विसंबलं तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. २०१७मध्ये तिथे याच विषयावर सुमारे २ कोटी २० लाख प्रतिसाद आले. त्यांपैकी जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होते, असं न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या तपासात निघालं. बनावट मजकूर दोन्ही बाजूंनी होता आणि त्यातला मोठा वाटा ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेचा होता.

गैरसमज ५ : फुकट इंटरनेटला विरोध म्हणजे गरिबांच्या तोंडचा घास काढणं.

वस्तुस्थिती : हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. ‘फ्री बेसिक्स’मध्ये पूर्ण इंटरनेट नव्हतंच. फेसबुकने घातलेल्या अटींत बसणाऱ्या मोजक्या साइट्स एकाच मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना मिळत होत्या. खिशात पैसे असलेल्याने सगळं जग पाहायचं आणि नसलेल्याने दुसऱ्याने निवडून दिलेलं तेवढंच, ही विभागणी गरिबाच्या हिताची कशी म्हणायची?

शिवाय २०१६चा नियम फुकट डेटा अडवत नाही. तो डेटा कुठेही वापरता आला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द ट्रायने ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा मोफत देण्याची शिफारस केली. आणीबाणीच्या प्रसंगी सवलतीच्या दरात सेवा देण्याची मुभाही नियमात आहे.

गैरसमज ६ : सरकारने एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं, तर तो नेट न्यूट्रॅलिटीचा भंग आहे.

वस्तुस्थिती : हा प्रश्नही गंभीर आहे, पण वेगळा आहे. नेट न्यूट्रॅलिटीचे नियम सेवा देणाऱ्या कंपन्यांना बांधतात. सरकारच्या इंटरनेटबंदीसाठी वेगळे नियम आहेत. जानेवारी २०२०मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितलं. अर्ज करताना एका विषयाची दाद दुसऱ्या कायद्याखाली मागितली, तर ती वाया जाते.

गैरसमज ७ : नियम झाले, विषय संपला.

वस्तुस्थिती : २०१८मध्ये केंद्राने ट्रायच्या शिफारशी मान्य करून परवान्यांत भेदभावाला मनाई करणारी अट घातली. भारताचे नियम जगातल्या भक्कम नियमांत गणले जातात, पण ते कायम टिकतीलच असं नाही. अमेरिकेत २०१५मध्ये आलेले नियम २०१७मध्ये गेले, २०२४मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले. आपल्याकडे २०२३मध्ये ट्रायने मेसेजिंग आणि कॉलिंग अ‍ॅपच्या नियमनावर नवं चर्चापत्र काढलं. ज्या अ‍ॅपवर डेटाची वाहतूक जास्त, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, ही टेलिकॉम कंपन्यांची मागणीही पुढे आली आहे. तो वाटा शेवटी ग्राहकाकडूनच वसूल होण्याचा धोका आहे.

म्हणून पुढचं चर्चापत्र निघेल तेव्हा नुसतं फॉरवर्ड करून थांबू नका. प्रश्न वाचा आणि ज्या एका प्रश्नाचं उत्तर आपल्या अनुभवातून देता येईल, ते कारणासह, मुदतीच्या आत पाठवा. ग्रामीण शाळेतल्या शिक्षकाला, घरून व्यवसाय करणाऱ्या बाईला किंवा मोबाइलवर बाजारभाव पाहणाऱ्या शेतकऱ्याला इंटरनेट कशासाठी लागतं, हे कंपन्यांचे वकील लिहिणार नाहीत. गर्दीमुळे विषयाकडे लक्ष जातं, पण नियामकाला उत्तर द्यायला भाग पाडतं ते कारणच.