साहेबांची सही अडली तरी सी.ए.ची वाट अडत नाही

भिवंडीच्या बाजारात सुताचा आणि ग्रे कापडाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण आपल्या मोहल्ल्यातली किती मुले सी.ए. झाली असे विचारले, तर बोटावर मोजावी लागतात. मुले हुशार नाहीत असे नाही. उर्दू शाळेतून निघून बी.कॉम. करतात, सी.ए.ची इंटरमीजिएटही पास होतात आणि पुढे आर्टिकलशिपमध्ये अडकतात. माझ्या घरातच हा प्रकार घडला, म्हणून लिहितो आहे.

व्यापाऱ्याने याची फिकीर का करावी? १९५७ साली केंद्राने कापडावर जादा अबकारी लावली आणि राज्यांनी विक्रीकर सोडला. त्यामुळे कापडाचा बहुतेक व्यापारी साठ वर्षे रोजमेळ, खातेवही आणि एका मुनीमावर निभावत आला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. सूत, कापड, मागावरची मजुरी, सगळे बिलात आले. मग १ एप्रिल २०२४ पासून लहान कारखानदाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते न केल्यास ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात न धरण्याचा आयकराचा नियम लागू झाला. आपल्याकडे उधारी तीन-तीन महिने चालते. आता हिशेब समजणारा माणूस घरचा नसेल, तर नुकसान आपलेच आहे.

आता आर्टिकलशिप म्हणजे काय ते सांगतो. सी.ए. फक्त परीक्षा देऊन होता येत नाही, एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या सी.ए.च्या हाताखाली ठरलेली मुदत काम करावे लागते. ही पद्धत जुनी आहे. १९१८ साली मुंबईत हिशेबाचा सरकारी डिप्लोमा सुरू झाला, तेव्हाही मान्यताप्राप्त हिशेबतज्ज्ञाकडे तीन वर्षे उमेदवारी करावी लागे. १९४९ च्या कायद्याने इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि ही रीत तिच्याकडे आली. १ जुलै २०२३ पासून नव्याने नाव नोंदवणाऱ्यांसाठी मुदत तीनऐवजी दोन वर्षे झाली आहे. मुदत पुरी झाली की साहेब फॉर्म १०८ वर सही करतात. मध्येच दुसरीकडे जायचे असेल तर फॉर्म १०९ लागतो. त्यावरही साहेबांची सही असते. सगळी गोम इथेच आहे.

माझा भाचा २०२१ मध्ये एका कार्यालयात आर्टिकल म्हणून लागला. पहिले वर्ष बरे गेले. पुढे त्याला ऑडिटचे काम देणे बंद झाले. बँकेत स्टायपेंड जमा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातली अर्धी रक्कम रोख परत मागितली जायची. त्याने नकार दिला. तेव्हा ऐकायला मिळाले, "जायचे असेल तर जा. सही मिळणार नाही."

मी व्यापारी माणूस. वाटले, चार माणसे बसवून तोड काढू. मिठाईचा डबा घेऊन गेलो, तासभर बाहेर बसलो आणि तसाच परत आलो. मग बाजारातल्या एकाने दुसरा रस्ता सुचवला. म्हणाला, "पैसे द्या, कागदावर आर्टिकलशिप दाखवणारा माणूस मिळवून देतो. मुलाने घरी बसून अभ्यास करावा." खरे सांगतो, माझे मन डळमळले. भाचा म्हणाला, "मामू, उद्या मी दुसऱ्याच्या हिशेबावर खरे-खोटे लिहिणार. सुरुवातच खोट्याने करू?" मी गप्प बसलो. अशी कागदी आर्टिकलशिप पकडली गेली तर इन्स्टिट्यूट ती मुदत रद्द करू शकते, हेही नंतर कळले.

त्याने भांडण केले नाही. कागद जमवले. नोंदणीच्या फॉर्म १०३ ची प्रत, स्टायपेंड दाखवणारे बँकेचे पान, रजेचे अर्ज आणि रोज काय काम केले त्याची वही. सही मिळावी म्हणून साहेबांना आधी लेखी विनंती केली. उत्तर आले नाही, तेव्हा सगळे कागद जोडून इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. इन्स्टिट्यूटने साहेबांकडे खुलासा मागितला. या सगळ्यात चार महिने गेले. पण शेवटी त्याला मोकळीक मिळाली आणि आधी केलेली मुदत हिशेबात धरली गेली. उरलेली मुदत त्याने दुसऱ्या सी.ए.कडे पुरी केली.

यातून जे समजले ते मुलांच्या आईबापांसाठी लिहितो.

आर्टिकलशिपची नोंद इन्स्टिट्यूटकडे असते, साहेबांच्या कपाटात नसते. नाव खरोखर नोंदले गेले की नाही, ते पहिल्याच महिन्यात इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर मुलाने स्वतः पाहावे. आर्टिकल ठेवण्यासाठी अनामत किंवा पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे, ते देऊ नये. स्टायपेंड बँकेतूनच घ्यावा. रजा लेखी मागावी आणि मोजून घ्यावी, कारण नव्या योजनेत रजा फार थोडी आहे. जास्त झालेली रजा पुढे भरून द्यावी लागते. जागा पटत नसेल तर लवकर निर्णय घ्यावा. सुरुवातीच्या काळात बदली सोपी असते, पुढे पटण्याजोगे कारण दाखवावे लागते. आणि मुलाने रागाच्या भरात कामावर जाणे बंद करू नये. गैरहजेरी झाली की दोष त्याच्याच माथी येतो.

शेवटी एक गोष्ट स्वतःविषयी. भाच्याचे प्रकरण चालू असताना मला माझा जुना मुनीम आठवला. तो मुंबईच्या एका कंपनीत लागणार होता. त्याने अनुभवाचा दाखला मागितला. सीझनच्या ऐन गर्दीत सोडून चालला म्हणून मी रागात होतो. "आज देतो, उद्या देतो" करत मी आठ महिने काढले. ती नोकरी गेली. बाहेर मिठाईचा डबा घेऊन बसलो होतो, तेव्हा त्या मुनीमाच्या खेपा मला एकेक करून आठवत होत्या. नंतर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली आणि दाखलाही दिला. त्याने चहा पाजला, पण दाखला उघडून पाहिला नाही.

आपल्या दुकानातून, कारखान्यातून कोणी चालला असेल तर त्याचा पगार चुकता करा आणि दाखला त्याच दिवशी हातात द्या. तो कागद त्याच्या मेहनतीचा आहे, आपला नाही.