जाड ऑइलनं गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही

ग्वाल्हेरमध्ये जुनी जीप बाळगणाऱ्याला एक सल्ला न मागता मिळतो. "एक सौ चालीस नंबर डलवा लो, आवाज़ बंद हो जाएगी." किला गेटजवळच्या गॅरेजात हे ऐकू येतं, हजिऱ्याच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ऐकू येतं, आणि लष्कर भागातल्या मराठी घरांतले काका-मामाही तेच मराठीतून सांगतात: "अरे, जाड ऑइल घाल, गिअर गप्प बसेल." गिअर गप्प बसतो हे खरं आहे, काही आठवडे तरी बसतो. म्हणून तर हा समज मरत नाही. पण आवाज थांबणं आणि बिघाड जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीड-दोन हजारांच्या बेअरिंगवर भागलं असतं असे गिअरबॉक्स या सल्ल्यापायी दात झडून भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे आता हे शांतपणे ऐकून घेणं मला जमत नाही.

आधी गाडी कोणती ते स्पष्ट करतो. महिंद्रनं १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आलेलं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढंच निघालं. आपल्याकडे ते आणि त्याची भावंडं त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. सरकारी खात्यांच्या लिलावांतून यातल्या पुष्कळ जीपा खाजगी हातांत आल्या. त्यांच्या पोटात तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स असतो आणि त्याला पाठीमागून चिकटलेला स्पायसर १८ हा ट्रान्सफर केस. पुढचं सगळं या जोडीबद्दल आहे.

या गिअरबॉक्समध्ये ऑइलचा पंप नसतो. खालचा काउंटर शाफ्ट ऑइलमध्ये अर्धवट बुडालेला असतो. त्यावरचे गिअर फिरले की ऑइल वर उडवतात आणि त्या उडालेल्या ऑइलवरच वरची बेअरिंगं जगतात. इनपुट शाफ्टच्या पोकळीत मेन शाफ्टचं टोक ज्या बारीक रोलर्सवर टेकलेलं असतं, तिथपर्यंत ऑइल पोचायची वाट फार अरुंद असते. ऑइल गरजेपेक्षा जाड झालं की गिअर त्यातून आपल्यापुरती चारी कापतो. बाजूचं ऑइल त्या चारीत लवकर परत येत नाही, वर उडतंही कमी. बाहेरून गाडी शांत वाटते आणि आत रोलर कोरडे पडत जातात. ग्रीस भरणारे तर याच्याही पुढचं पाऊल टाकतात. ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की ते तिथेच राहतं, परत येतच नाही.

दुसरं नुकसान सिंक्रोचं. टी-९० मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला पितळी सिंक्रो रिंग असते. तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक आट्या असतात. गिअर टाकताना रिंग पोलादी कोनावर दाबली जाते, आट्या मधलं ऑइल कापून बाजूला सारतात, पितळ आणि पोलाद क्षणभर घासतं आणि दोघांचा वेग एक होतो. सगळी करामत त्या घासण्यात आहे. जाड ऑइल तिथून वेळेवर हटत नाही, रिंग घसरत राहते आणि दात दातांवर आपटतात. डिसेंबर-जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी गाडी काढल्यावर पहिली दोन-चार किलोमीटर दुसरा गिअर खरकन वाजत असेल आणि नंतर नीट पडत असेल, तर आधी आत कोणतं ऑइल आहे ते विचारा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "हे सगळं थंड मुलखात. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातं, इथे जाडच लागतं." हे पटण्यासारखं वाटतं, म्हणून आकडे देतो. गिअर ऑइलचा नंबर ठरवणारं एसएई जे-३०६ हे मानक जाडी मोजतं ती १०० अंश सेल्सिअसला. त्या तापमानाला ९० नंबरच्या ऑइलची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असते, १४० नंबरची २४ ते ३२.५. म्हणजे ऑइल तापलेलं असतानाचाच हिशेब या नंबरात धरलेला आहे. बाहेरचे ४५ अंश ही त्यासाठी नवी गोष्ट नाही. विलीजच्या जुन्या पुस्तिकांनी या गिअरबॉक्सला उन्हाळ्यासाठी ९० आणि हिवाळ्यासाठी ८० सांगितलं आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आलेल्या गाडीच्या घराण्याला उन्हाची कल्पना नव्हती असं म्हणणं टिकत नाही.

याच नंबरांवरून आणखी एक घोटाळा होतो. इंजिनात ४० किंवा ५० नंबर आणि गिअरमध्ये ९०, म्हणजे गिअरचं ऑइल दुप्पट जाड, असं बरेच जण धरून चालतात. दोन्हींचे नंबर वेगवेगळ्या पट्टीवरचे आहेत. गिअरचं ९० हे जाडीला इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच येतं.

मग आवाज येतो त्याचं करायचं काय? आधी तो कधी येतो ते नीट ऐकायचं. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, आणि क्लच दाबला की घरघर थांबते: इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा काउंटर शाफ्ट. क्लच दाबल्यावरच किंचाळतं: क्लचचं रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्स उघडायची गरजच नाही. पहिल्या-दुसऱ्यात आवाज आणि टॉपमध्ये शांत: काउंटर शाफ्टकडे संशय, कारण टॉपमध्ये ताकद सरळ आरपार जाते आणि काउंटर शाफ्टवरचे गिअर भाराशिवाय नुसते फिरतात. उभ्या गाडीत शांत आणि चालल्यावर प्रत्येक गिअरमध्ये घरघर: ट्रान्सफर केस, बहुधा त्यातला झिजलेला इंटरमीजिएट शाफ्ट. एवढ्या चाचणीला पाना लागत नाही, पैसे लागत नाहीत, तरी मिस्त्री ऑइलच्या डब्याकडे वळतो.

गिअर आपोआप निसटत असेल तर जाड ऑइलचा काडीचाही उपयोग नाही, कारण निसटण्याचा ऑइलशी संबंधच नसतो. आणि इथे एक गोष्ट आहे जी फार थोडे लोक उघडून बघतात. ट्रान्सफर केसच्या पाठीला एक लहान झाकण असतं. त्या जागी मुळात पीटीओ, म्हणजे यंत्रं चालवायची जोडणी, बसवायची सोय होती. ऑइल काढून ते झाकण उघडलं की समोरच गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं मागचं टोक दिसतं, त्यावर खाचांत बसलेला गिअर आणि तो धरून ठेवणारा कंगोऱ्यांचा नट. नटातून कॉटर पिन गेलेली असायला हवी. हात घालून तो गिअर मागे-पुढे हलवून पाहा. नट ढिला झाला असेल तर गिअर खटखट हलतो, मेन शाफ्ट पुढे-मागे सरकतो, आणि उतारावर पाय उचलला की गिअर बाहेर येतो. कित्येकदा पिन तुटून खाली ऑइलमध्ये पडलेली सापडते. नट कसून नवी कॉटर पिन घालणं हे काम एका दुपारचं. माझ्या ओळखीच्या एका जीपमालकाला एका गॅरेजनं याच लक्षणावर संपूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता.

नट घट्ट असेल तर पुढे बघायचं: वरच्या हाउसिंगमधल्या गोळ्या आणि स्प्रिंगा दमल्या आहेत का, स्लीव्हचे आतले दात निमुळते झाले आहेत का, काउंटर शाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजून त्यावरच्या गिअरना लांबीत खेळ आला आहे का, सिलेक्टर फोर्क वाकला आहे का. यातलं काहीही डब्यातून ओतून भरून येत नाही.

जुनं ऑइल काढताना समोर उभे राहा आणि ते स्वच्छ ट्रेमध्ये धरायला सांगा. ड्रेन प्लगला चिकटलेला काळा, लोण्यासारखा गाळ ही नेहमीची झीज. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर पितळ झडतंय, म्हणजे सिंक्रो रिंग किंवा बुश. नखाला टोचेल असा पोलादी कपचा मिळाला तर दात तुटला आहे. त्यानंतर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. जुनी जीप विकत घेताना फिलर प्लग उघडून आत बोट घाला. ग्रीस लागलं, किंवा बोटाला लाकडाचा भुसा चिकटला, तर आवाज लपवून विक्री चालली आहे. भुशाची युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

ऑइलबद्दलच अजून एक समज: "ईपी ऑइल सगळं सारखंच." नाही. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ ते वाचा. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचे घटक जीएल-४ पेक्षा साधारण दुप्पट असतात. ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरना ते हवेच असतात. पितळी सिंक्रोला मात्र त्याचा निसरडेपणा भोवतो, आणि जुन्या धर्तीच्या जीएल-५ मधलं गंधक तापल्यावर पितळाला खातंही. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४, ॲक्सलला जीएल-५, असे दोन वेगळे डबे घ्यायचे. ट्रान्सफर केसची लेव्हल वेगळी तपासायची, कारण या जोडीत मधल्या बेअरिंगमधून ऑइल एका पेटीतून दुसरीत झिरपतं. एक भरलेली दिसली म्हणून दुसरीही भरलेली असेल असं समजू नका.

"पहिला गिअर खरखरतो, म्हणजे सिंक्रो गेला." टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच, गाडी पूर्ण थांबवून टाका किंवा डबल क्लच मारा. सगळेच गिअर खरखरत असतील तर आधी क्लच पायडलचा फ्री प्ले बघा. तो साधारण इंचभर हवा, आणि क्लच नीट सुटतो आहे याची खात्री हवी.

फोर बाय फोरचा गैरसमज आमच्या गावात विशेष जोरात आहे, कारण किल्ला समोर आहे. किला गेटच्या बाजूनं, गुजरी महालावरून वर जाणारी वाट पायी चालणाऱ्यांची. गाड्या जातात त्या पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यानं. तो चढ डांबरी आणि वळणाचा आहे, आणि तिथे हौशी मंडळी लिव्हर ओढून चारही चाकांना ताकद देतात, "पकड वाढते" म्हणून. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. चिखलात किंवा वाळूत चाक जरासं घसरून फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्टांत, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या दातांत साठत जातो. वर पोचल्यावर लिव्हर अडकते आणि "ट्रान्सफर केस जाम झाला" अशी बोंब होते. थोडं सरळ मागे घ्या, सुटेल. लो रेंज तर या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय पडतच नाही, म्हणून डांबरी घाटात तिचा मोहच नको. ब्रेक लागायलाही फोर बाय फोरची मदत होते असं धरून चालू नका.

उरलेले समज थोडक्यात.

"पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच." मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. गाडीच्या वयावरची बंदी दिल्ली राजधानी क्षेत्रापुरती आहे. ग्वाल्हेर हे त्या क्षेत्राचं काउंटर मॅग्नेट शहर म्हणून जाहीर आहे, आणि तेवढ्यावरून "आपल्यालाही लागू" अशी अफवा उठते. काउंटर मॅग्नेट ही नगरनियोजनातली व्यवस्था आहे. ती बंदी त्यामुळे इथे लागू होत नाही.

"कोणतंही इंजिन बसवा, नंतर कागद करू." जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला आहे: उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाहीत. इंजिन बदलायचं तर परवानगी आधी.

"व्हिंटेज नोंदणी केली की रोज चालवता येते." २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ही नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला मिळते, शुल्क २० हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

"मूळ फौजी रंग दिला की जीप खरी." केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला नियम १२१ संरक्षण खात्याखेरीज कोणालाही ऑलिव्ह ग्रीन रंगाची मनाई करतो.

गिअरबॉक्स उघडायला द्याल तेव्हा कोणते भाग बदलणार याची यादी आधी लिहून घ्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा: रिंगा, बेअरिंगं, थ्रस्ट वॉशर, कॉटर पिनसुद्धा. जो मिस्त्री ते भाग तुमच्यासमोर मांडून झीज बोटानं दाखवतो, त्याच्याकडे गाडी निर्धास्त ठेवा. जो न उघडताच १४० चा डबा मागवतो, त्याच्याकडून गाडी परत आणा.