विश्लेषण : अमेरिकेतला शिकारी काडतूस घरी का भरतो आणि वऱ्हाडात तेच काम सात वर्षांच्या कैदेचं का आहे?

मोबाइलवर कधी ना कधी तुम्हीही असा व्हिडिओ पाहिला असेल. गॅरेजमधलं टेबल, त्यावर पितळी नळकांड्यांची रांग, एक छोटा वजनकाटा आणि हाताने ओढायचा प्रेस. अमेरिकेतला एखादा मध्यमवयीन माणूस शांतपणे एकेक काडतूस तयार करतो. पुढच्या दृश्यात थंडीचे दिवस, जंगल आणि हरणाची शिकार.

हाच व्हिडिओ अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या पारावर पाहिला जातो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. इथे पाहणाऱ्याच्या डोक्यात छंद नसतो. रात्री रोह्यांच्या कळपाने तुडवलेला हरभरा असतो, काळविटांनी शेंडे खुडलेली तूर असते. मग प्रश्न येतोच, ‘आपल्याइथं जमते काय?’

उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्यामागे विज्ञान, कायदा आणि वऱ्हाडची सपाट जमीन अशी तीन कारणं आहेत. तिन्ही समजून घेऊ.

काडतूस म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. प्रत्यक्षात गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा भाग. रायफलच्या काडतुसात चार गोष्टी असतात. बाहेरचं पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी.

घोडा ओढला की प्रायमरवर टोला बसतो आणि ठिणगी दारूपर्यंत जाते. दारू जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीच्या आतल्या वळणदार खाचांमुळे गोळीला गिरकी मिळते, म्हणून ती सरळ जाते. या खाचा असतात ती रायफल. ज्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तिला इंग्रजीत ‘स्मूथ बोअर’ म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कायद्यात तो लागणार आहे.

एकदा झाडलेल्या काडतुसात कवच शिल्लक राहतं. ते साफ करून मूळ मापात आणायचं, त्यात नवा प्रायमर, मोजून दारू आणि नवी गोळी बसवायची, याला ‘हँडलोडिंग’ म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण खर्चाचं. काडतुसातलं पितळी कवच पुन्हा पुन्हा वापरता येतं.

दुसरं कारण अचूकतेचं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही तेच काडतूस सारखं मानवेल असं नाही. म्हणून शिकारी आपल्या रायफलला जुळणारा ‘लोड’ शोधतो. प्रमाणित पुस्तिकेत दिलेल्या कमीत कमी मात्रेपासून सुरुवात करायची, अगदी थोडी थोडी वाढ करायची, प्रत्येक वेळी गोळीचा वेग यंत्रावर मोजायचा आणि कागदी लक्ष्यावर छिद्रं किती जवळ पडतात ते पाहायचं. यात आठवडे जातात. प्रयोगशाळेत करतात तसंच हे काम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची.

तिसरं कारण प्राण्याच्या बाजूचं आहे. गोळी चुकीच्या जागी लागली तर हरीण जखमी होऊन मैलभर पळतं आणि तडफडून मरतं. एकाच गोळीत प्राण कमीत कमी वेदनेने जावा, ही तिथल्या शिकाऱ्यांमध्ये जबाबदारी मानली जाते.

तिथे हे सगळं परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या या चौकटीत चालतं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि दारूगोळ्यावरचा कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. निर्बंधही वाढत आहेत. शिशाचे कण मेलेल्या प्राण्यांतून गिधाडांच्या पोटात जातात म्हणून कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. व्हिडिओत ही चौकट दिसत नाही.

चूक झाली तर काय होतं?

इथे थोडं गणित करू. अमेरिकेत हरणासाठी लोकप्रिय असलेल्या ‘.308 विंचेस्टर’ काडतुसाची कमाल दाबमर्यादा 62,000 पीएसआय आहे. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब साधारण 15 पीएसआय असतो. म्हणजे कुकरच्या चार हजार पटींहून जास्त दाब, आणि तो नेम धरणाऱ्याच्या गालापासून काही इंचांवर.

दारू मोजतात ‘ग्रेन’मध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत अचूक लागतो. हा दहावा भाग तांदळाच्या एका दाण्याच्या साधारण पाव वजनाएवढा. चुकून जलद जळणारी दारू वापरली, मात्रा दुप्पट पडली किंवा गोळी मापापेक्षा आत बसली, तर दाब मर्यादेबाहेर जातो. मग रायफलच फुटते. बोटं, डोळे, चेहरा, काहीही जाऊ शकतं.

त्यात आपल्याकडचं ऊन. अनेक प्रकारच्या दारूचा दाब तापमानाबरोबर वाढतो. अमेरिकेतल्या गारठ्यात नोव्हेंबरला जुळवलेला लोड आणि मे महिन्यात 45 अंशांना टेकलेलं अकोला, या दोन परिस्थितींत तेच काडतूस सारखं वागेलच असं नाही. व्हिडिओ पाहून आकडे उचलणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

सातपुड्यातला जुना प्रयोग

शिकारीसाठी दारू आणि गोळीचं प्रमाण जुळवण्याचा हा खटाटोप आपल्या भागाला अगदी नवा नाही. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव सातपुड्याच्या इतिहासात ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या 1871 च्या पुस्तकामुळे ओळखलं जातं. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडचे ते सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर होते. त्याआधी 1863 मध्ये त्यांनी ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक लिहिलं. नळीतल्या खाचांना पीळ कमी ठेवायचा, गोल गोळी वापरायची आणि दारू भरपूर घालायची, म्हणजे गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाते, असा त्यांचा आग्रह होता. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरावा लागे.

पण फोर्सिथ यांच्या काळात जंगलात शिकार करणं गुन्हा नव्हता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते चित्र पूर्ण बदललं.

हरीण कोणतं, यावर शिक्षा ठरते

वऱ्हाडात काळविटालाही सर्रास हरीण म्हणतात. शास्त्राच्या भाषेत चितळ आणि सांबर ही हरणं, त्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट आणि रोही म्हणजे नीलगाय हे कुरंग गटातले, त्यांची शिंगं कायमची.

कायद्यात या फरकापेक्षा अनुसूची महत्त्वाची. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. चितळ, रोही आणि रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मारण्याचा नुसता प्रयत्न, फास लावणं, पाठलाग करणं हेही कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’च आहे.

पीक खाल्लं म्हणून मारण्याची परवानगी मिळते का? कायद्याच्या कलम 11 मध्ये उत्तर आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरत असेल, तर वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकराबाबत हे अधिकार 2015 मध्ये वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत आणले गेले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत मात्र पिकाचं नुकसान हे कारण चालतच नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा तो प्राणी बरा होण्यापलीकडे जखमी, आजारी असेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतात. म्हणजे काळविटाने अख्खं शेत खाल्लं तरी त्याच्यावर गोळी चालवण्याचा कायदेशीर मार्ग नाही.

बंदुकीचा परवाना आहे, मग काय अडचण?

इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहे. तीन वेगवेगळे कागद लोक एकच समजतात.

पहिला कागद बंदूक बाळगण्याचा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडच्या भरमारचा उल्लेख आहे. ती अपुरी पडते असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर किमान 20 इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पीक संरक्षणाच्या या तरतुदीत रायफल नाही.

दुसरा कागद प्राणी मारण्याचा. तो वन विभागाकडून, त्या प्रसंगापुरता घ्यावा लागतो. भिंतीवर परवान्याची बंदूक टांगलेली असली म्हणून रोही मारता येत नाही.

तिसरा कागद दारूगोळा बनवण्याचा. कलम 5 नुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा तयार करणं, बदलणं, दुरुस्त करणं, विकणं बेकायदा आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. पूर्वी ही शिक्षा तीन ते सात वर्षं होती. व्हिडिओतला तो प्रेस ऑनलाइन मागवण्याआधी एवढं एक वाक्य वाचावं.

मग परवानाधारकाला काडतूस मिळतं कुठून? परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंद होऊन. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नागरी वापराची काडतुसं बनतात. भारतीय ‘.315’ काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात ती खडकीचीच. हा .315 बोअरही ब्रिटिश धोरणातून आला. लष्कराचं .303 काडतूस सामान्यांच्या हाती पडू नये म्हणून वेगळ्या मापाची रायफल चालवली गेली.

सपाट रानात गोळी कुठे थांबते?

कायदा बाजूला ठेवला तरी पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन स्वतःच एक कारण आहे. अकोला आणि अमरावतीतला खारपाणपट्टा तळहातासारखा सपाट. मध्ये टेकडी नाही, दाट झाडी नाही. हरणाच्या शिकारीत वापरली जाणारी रायफलची गोळी नेम चुकला तर काही किलोमीटर जाऊ शकते. साडेनऊ-दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला 850 मीटर वेगाने निघाली तर तिच्यात सुमारे साडेतीन हजार ज्यूल ऊर्जा असते. रात्रीच्या अंधारात कळपामागे काय आहे ते दिसत नाही. शेजारच्या धुऱ्यावर कोणी जागलीला असतो, पुढच्या शिवारात मचाणावर कोणी झोपलेला असतो, पलीकडे गाव असतं. छऱ्यांची मजल त्यामानाने बरीच कमी असते. गर्दीच्या शिवारात रायफलऐवजी गुळगुळीत नळी का बरी, हे यातून समजतं.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

नुकसान खरं आहे, त्यामुळे ‘कायदा पाळा’ एवढं सांगून भागत नाही. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. काळवीट मोकळ्या माळरानाचा प्राणी, तो कुंपणाआड राहत नाही. मध्य प्रदेशात 2025 मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टर आणि ‘बोमा’ म्हणजे नरसाळ्यासारखं कुंपण वापरून शेकडो काळवीट पकडले आणि अभयारण्यांत सोडले गेले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी बंदुकीशिवायचा मार्ग असू शकतो, हे त्यातून दिसलं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावा असा प्रश्न हाच आहे.

तोवर हाताशी असलेले मार्ग असे. नुकसान दिसताच पीक आवरण्याआधी मोबाइलवर लोकेशनसह फोटो काढा. वन विभागाकडे लगेच अर्ज करून पंचनामा मागा, भरपाई त्यावरच ठरते. वन विभागाची हेल्पलाइन 1926. पीक विमा असेल तर केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केल्यानुसार 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचं नुकसानही विम्यात धरलं जाणार आहे. त्यासाठी 72 तासांत अॅपवर कळवणं बंधनकारक आहे, आणि कोणते प्राणी धरायचे ती यादी राज्याने काढायची आहे. कुंपणाला झटका मशीन लावा, पण तारेत थेट लाइनचा करंट सोडू नका. त्यात रोह्याआधी माणूस मरतो आणि गुन्हा शेतमालकावर दाखल होतो.

रोही किंवा रानडुकराचा त्रास थांबतच नसेल तर वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. परवानगीने मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता असतो, तो वन विभागाच्या ताब्यात द्यावा लागतो. आणि शेतातला प्राणी काळवीट असेल, तर बंदूक खाली ठेवून मोबाइल हातात घ्या. भरपाईचा अर्ज त्या फोटोपासूनच सुरू होतो.